एक बोट मोकळीक

डोकं डॅशबोर्डखाली, पाठ तापल्या पत्र्यावर,
पाय दारातून बाहेर, अक्कलकोट रोडच्या उन्हात.
क्लच पेडल असंच काढतात.
बघणाऱ्याला वाटतं
गाडीनं माणूस अर्धा गिळलाय.

येमूलमामांची पिकअप. पांढरी होती म्हणे.
टॉवेलचे गठ्ठे वाहते, एमआयडीसी ते ट्रान्सपोर्ट,
अन् दर दाबाला क्लच असा बोंबलतो
की अशोक चौकातली म्हैस वळून बघते.

"तेल टाक की बे दोन थेंब."
दोन वर्षं तेलच टाकलं, मामा.
तेलाला तरी धरायला काही पाहिजे ना.

स्प्रिंग काढली, जपून.
हिनंच एकदा डोळ्याखाली मारलेलं, खूण आहे.
पिन काढली, कमरेत झिजलेली, मुंगीसारखी.
बोल्ट सुटला तसं पेडल छातीवर आलं.

बुश नव्हताच.
होता तो त्याचा काळा भुगा, चिमूटभर.
शाफ्टवर नख फिरवलं, नख अडलं.
भोक लांबट झालेलं, अंड्यासारखं,
तेही एकाच अंगाला, डावीकडे खाली.

दावल उस्ताद म्हणायचे,
गिऱ्हाइकाला नको विचारू, भोकाला विचार.
भोक म्हणालं:
हा माणूस पायाच्या बाहेरच्या कडेनं दाबतो
आणि दाबून झालं तरी पाय उचलत नाही.

"मामा, क्लचवर पाय ठेवूनच चालवता?"
मामा जरा वेळ गप्प.
"आमच्या बापाचा माग खड्ड्यातला.
पावडीवरनं पाय हलला की
बाप डोस्क्यात कांडी हाणायचा.
माग गेला, बाप गेला.
पायाला कोण सांगणार?"

पूर्ण असेंब्ली मिळाली तर पुण्याला,
तिच्या किमतीत दोन टायर येतात.
म्हणून भोक वेल्डिंगनं भरलं, पुन्हा पाडलं, गोल.
बुशला माल शोधत होतो
तर मामांनीच सीटखालून पिकर काढून दिला,
पॉवरलूमचा, नायलॉनचा, पिवळा पडलेला,
धोट्याला उभा जन्म टोले देऊन न फुटलेला.
आठ माग भंगारात घातले, त्यात ही गाडी आली,
हा एक खिशात राहिला.
चुकून, म्हणाले.
मी काही विचारलं नाही.

निजामभाईनं लेथवर धरला.
बटाट्याच्या सालीसारखी लांब कतरण निघाली,
पोरानं ती हातात घड्याळासारखी बांधली.
बुश अंगठ्यानं दाबून बसवावा लागला,
मग फिरला. काही न बोलता.
ग्रीस. नवी पिन. स्प्रिंग जुनीच.
शेवटी मोकळीक लावली, एक बोट.
दाबलं की पहिलं बोटभर काहीच घडू नये,
क्लच त्यानंतर.
तेवढं रिकामं नसलं तर प्लेट जळते.

तिसऱ्या दिवशी मामा परत.
गाडी ठणठणीत, तोंड उतरलेलं.
"आवाज गेला की सगळा."
"मग? त्याचेच पैसे घेतले ना."
"तसं नव्हं. गल्लीच्या तोंडाला क्लच ओरडला की
बायको विड्यांचं सूप बाजूला सारायची,
तवा ठेवायची.
आता मी दारात अन् चूल गार.
तीन दिवस झाले, कडक भाकरी अन् शेंगाचटणी."

थोडा ठेवता येईल का, म्हणाले, आवाज?

मी पेडल दाबून बघितलं. एक बोट, बरोबर.
म्हटलं, मामा, हॉर्न आहे की.

"हॉर्न काय, सगळ्यांनाच असतो बे."
चढले. गाडी चालू केली.
मी वाकून आत बघितलं.
डावा पाय होता तिथंच होता.